गुलाबी ससा आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा : ज्यू मुलांच्या गोष्टींचे काय झाले?

१/
१९३८ साली न्यूरेंबर्ग येथील ज्युलियस श्ट्रायखर याच्या प्रकाशनसंस्थेने मुलांसाठी एक सचित्र पुस्तक काढले. नाव 'डेर गिफ्टपिल्झ', म्हणजे 'विषारी अळंबी'. त्यात एक आई आपल्या मुलाला जंगलात अळंबी ओळखायला शिकवते आणि त्याच ओघात शेजारचा ज्यू कसा 'ओळखावा' हेही शिकवते. युद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात हे पुस्तक पुराव्यात आले. १६ ऑक्टोबर १९४६ रोजी श्ट्रायखर फाशी गेला. बालसाहित्याने राजकारणापासून दूर राहावे, असे म्हणणाऱ्यांनी प्रथम या पुस्तकापाशी थोडे थांबावे.

२/
या धाग्याचा विषय त्याच काळातील दुसऱ्या बाजूचे बालसाहित्य हा आहे : छळातून वाचलेल्या ज्यू मुलांच्या गोष्टी. अशा गोष्टी आज जगभर विपुल प्रमाणात लिहिल्या, खपवल्या आणि शाळांतून वाचून घेतल्या जातात. पण त्यांतील सर्वांत लोकप्रिय पुस्तके मुलांना इतिहास सांगत नाहीत. ती मोठ्यांना दिलासा देतात. हा आरोप कठोर आहे, म्हणून तो पुराव्यानिशी मांडणे आवश्यक आहे.

३/
प्रथम आकडे. नाझी राजवट आणि तिच्या साथीदारांनी मारलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंमध्ये सुमारे १५ लाख मुले होती. लहान मूल कामाला निरुपयोगी, आणि पुढची पिढी म्हणून धोकादायक. या दुहेरी तर्काने मुलांना मोठ्यांहूनही कमी संधी मिळाली. इतिहासकार डेबोरा ड्वॉर्क यांच्या मांडणीनुसार युद्धाच्या आरंभी युरोपात असलेल्या ज्यू मुलांपैकी केवळ ११ टक्के मुले युद्धाअखेर जिवंत होती.

४/
याचा अर्थ असा की 'वाचलेल्या मुलाची गोष्ट' ही अपवादाची गोष्ट आहे. ग्रंथालयातील फळीवर मात्र ती नियम बनते. दहा पुस्तकांतील नऊ नायक जगतात. प्रत्यक्षात दहांतील नऊ मुले मेली. हा उलटा हिशेब लेखकांच्या वाईट हेतूतून आलेला नाही. जे मेले त्यांना लिहिता आले नाही, इतके त्याचे कारण साधे आहे. परंतु वाचक, शिक्षक आणि प्रकाशक यांनी हा हिशेब नजरेआड केला, तर तो दोष त्यांचाच.

५/
वाचणे कशावर अवलंबून होते? मुलाच्या धैर्यावर, हुशारीवर, आशावादावर? फार थोडे. ते मूल कोणत्या देशात होते, यावर सर्वाधिक. नेदरलँड्समधील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी सुमारे १ लाख २ हजार मारले गेले. पोलंडमधील सुमारे ३३ लाखांपैकी जवळपास ३० लाख. डेन्मार्कमध्ये मात्र ऑक्टोबर १९४३ मध्ये सुमारे ७,२०० ज्यू मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोहोचले आणि सुमारे ४७० जणच पकडून तेरेझिनला पाठवले गेले. डॅनिश मुले पोलिश मुलांपेक्षा अधिक शूर होती, असे कोणी म्हणणार आहे काय?

६/
याच डॅनिश प्रसंगावर लोइस लॉरी यांची 'नंबर द स्टार्स' (१९८९) ही कादंबरी आहे. तिला १९९० चे न्यूबेरी पदक मिळाले. पुस्तक संयत आणि प्रामाणिक आहे. पण त्याची नायिका ॲनमारी ज्यू नाही. ज्यू आहे ती तिची मैत्रीण एलन. गोष्ट वाचवणाऱ्यांची आहे. आणि त्या बचावामागे चांगुलपणाइतकीच इतरही कारणे होती : समोरच दिसणारे तटस्थ स्वीडन, ज्यूंची अल्प संख्या, ऑगस्ट १९४३ पर्यंत टिकलेले डॅनिश सरकार, आणि धरपकडीची बातमी आधीच फोडणारा गेऑर्ग डुकवित्झ हा जर्मन अधिकारी.

७/
हे एकच पुस्तक वाचलेल्या मुलाचा समज असा होतो की शेजारी भले असले की सारे निभावते. वॉर्सातही भले शेजारी होते. परंतु ऑक्टोबर १९४१ पासून व्याप्त पोलंडमध्ये ज्यूंना आसरा देणाऱ्यास मृत्युदंड होता. चांगुलपणाची किंमत सर्वत्र सारखी नव्हती. ती किंमत न सांगता चांगुलपणाचे गोडवे गाणे म्हणजे, ज्यांनी ती जिवाने मोजली त्यांच्यावरही अन्यायच.

८/
आता या वादाच्या केंद्रस्थानी असलेले पुस्तक. आयरिश लेखक जॉन बॉइन यांचे 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पायजमाज' २००६ मध्ये आले, २००८ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. छावणीप्रमुखाचा नऊ वर्षांचा मुलगा ब्रूनो कुंपणापलीकडच्या नऊ वर्षांच्या श्मूएलशी मैत्री करतो. आपला बाप काय करतो, पलीकडचे लोक कोण, त्यांनी पट्ट्यांचे कपडे का घातलेत, यातले काहीही ब्रूनोला ठाऊक नसते. अखेरीस तो कुंपणाखालून आत शिरतो आणि श्मूएलसोबत मारला जातो. जगभर अनेक शाळांत मुले या विषयाला प्रथम भेटतात ती याच पुस्तकातून.

९/
पहिला आक्षेप ब्रूनोच्या अज्ञानावर. तिसऱ्या राइशमधील मूल 'ज्यू म्हणजे कोण' याविषयी कोरे असणे जवळजवळ अशक्य होते. 'विषारी अळंबी' हे पुस्तक नेमके त्याच्याच वयाच्या मुलांसाठी होते. शाळेत वंशशास्त्राचे धडे होते. १५ नोव्हेंबर १९३८ रोजी ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढून टाकण्यात आले. वर्गातला बाक रिकामा झालेला प्रत्येक मुलाने पाहिला. दहाव्या वर्षी मुलगा नाझी युवक संघटनेत जाई. ऑश्वित्झचा खरा प्रमुख रुडॉल्फ ह्योस याची पाच मुले छावणीच्या भिंतीलगतच्या बंगल्यात राहत होती. निरागसता हीच तिथे सर्वांत दुर्मीळ वस्तू होती.

१०/
दुसरा आक्षेप श्मूएलच्या असण्यावर. ऑश्वित्झला सुमारे २ लाख ३२ हजार मुले व अल्पवयीन नेले गेले. त्यांतील सुमारे २ लाख १६ हजार ज्यू. बहुसंख्य मुले गाडीतून उतरल्यावर काही तासांतच विषारी वायूने मारली गेली. त्यांचे क्रमांक नोंदले गेले नाहीत, त्यांच्या अंगावर पट्ट्यांचे कपडे चढलेच नाहीत. २७ जानेवारी १९४५ रोजी छावणी मुक्त झाली तेव्हा तेथे सुमारे ७ हजार कैदी होते. त्यांत १५ वर्षांखालील मुले पाचशेच्या आसपास. रोज दुपारी विद्युत्-कुंपणाशी निवांत गप्पा मारणारा मुलगा या इतिहासात बसत नाही.

११/
यावर ठरलेले उत्तर असे : ही कल्पित कथा आहे, बोधकथा आहे, इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे. उत्तर ऐकण्याजोगे आहे, पण अपुरे आहे. सिंह-उंदराची गोष्ट वाचून कोणी प्राणिशास्त्र शिकत नाही, कारण सिंह बोलत नाही हे मुलाला आधीच ठाऊक असते. ऑश्वित्झविषयी मुलाला आधी काहीच ठाऊक नसते. तिथे बोधकथा हीच माहिती ठरते. म्हणूनच जानेवारी २०२० मध्ये ऑश्वित्झ स्मारक-संग्रहालयाने जाहीरपणे म्हटले की, या विषयाचा अभ्यास वा अध्यापन करणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे.

१२/
पण खरा आक्षेप तपशिलाचा नाहीच. तो शोकाचा आहे. पुस्तक मिटताना वाचक कोणासाठी रडतो? ब्रूनोसाठी. मुलाला शोधणाऱ्या त्याच्या आईसाठी. थोडासा त्या छावणीप्रमुखासाठीही. श्मूएल तर मरणारच होता. त्याचे मरण पार्श्वभूमीत जमा आहे. 'चुकून' मेलेला एक जर्मन मुलगा शोकांतिका ठरतो आणि ठरवून मारलेली लाखो ज्यू मुले नेपथ्य. ज्या यंत्रणेने श्मूएलला माणूस मानले नाही, तिच्या नजरेपासून हे पुस्तक फार दूर गेलेले नाही.

१३/
मग जर्मन मुलाच्या तोंडून ही गोष्ट सांगूच नये काय? जरूर सांगावी. ती १९६१ मध्येच सांगून झाली आहे. हान्स पीटर रिख्टर यांचे 'फ्रीडरिख' पाहावे. लेखक स्वतः युद्धात जर्मन सैन्यात होता. निवेदक एक बिननावाचा जर्मन मुलगा. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्याचा ज्यू मित्र फ्रीडरिख. निवेदकाचा बाप नोकरीसाठी पक्षाचा सभासद होतो. तो राक्षस नाही. उलट फ्रीडरिखच्या बापाला देश सोडण्याचा सल्ला देतो. पण सभासद होतो.

१४/
आणि नोव्हेंबर १९३८ च्या दंगलीत हा निवेदक मुलगा जमावाबरोबर आत शिरतो, हाती हातोडा येतो, आणि तोडफोडीचा आनंद घेतो. तसाच जमाव फ्रीडरिखचे घरही उद्ध्वस्त करतो. १९४२ मध्ये बॉम्बवर्षाव चालू असताना घरमालक फ्रीडरिखला आश्रय-तळघरातून हाकलतो. तो दारातच मरतो. पुस्तकाच्या शेवटी ज्यूंविरुद्धच्या कायद्यांची तारीखवार जंत्री आहे. निरागसतेचा बुरखा लेखकाने स्वतःच्या पिढीला घेऊ दिला नाही. ब्रूनोच्या चाहत्यांनी हे पुस्तक एकदा शेजारी ठेवून पाहावे.

१५/
आता वाचलेल्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तके. ज्यूडिथ केर यांचे 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट' १९७१ चे. ते लिहिण्यामागचे कारण मोठे बोलके आहे : त्यांच्या लहान मुलाने 'द साउंड ऑफ म्युझिक' पाहिला आणि आईचे बालपण कसे होते ते आता कळले, असा त्याचा समज झाला. त्या गोड चित्रपटाला उत्तर म्हणून हे पुस्तक जन्मले. म्हणजे दिलासा देणाऱ्या गोष्टीविरुद्धची तक्रार आजची नाही. ती वाचलेल्यांनीच प्रथम केली.

१६/
केर यांचे वडील आल्फ्रेड केर बर्लिनचे नामवंत नाट्यसमीक्षक. फेब्रुवारी १९३३ मध्ये एका पोलिसाने फोन करून कळवले की त्यांचे पारपत्र जप्त होणार आहे. ते निघून गेले. ५ मार्चच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी कुटुंबही निघाले. मागे राहिला तो खेळण्यातला गुलाबी ससा. पुस्तकात एकही छावणी नाही. आहे ते स्वित्झर्लंड, पॅरिस, लंडन, नवी भाषा, आटत जाणारा पैसा. तरीही ते खोटे वाटत नाही, कारण वाचण्याचे श्रेय ते मुलीच्या गुणांना देत नाही. एक फोन, एक पारपत्र आणि वेळेवर सुटलेली गाडी, इतकेच ते कारण सांगते.

१७/
पाच वर्षांनी हेच कारण किती दुर्मीळ झाले होते! डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात सुमारे १० हजार मुले 'किंडरट्रान्सपोर्ट'ने ब्रिटनला पोहोचली. या मोहिमेचा गौरव होतो तो योग्यच. पण प्रवेश फक्त मुलांना होता, आईबापांना नव्हता. आणि पुढे तर प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी लागू लागली. त्याच १९३९ मध्ये २० हजार मुलांना घेण्याचे वॅग्नर-रॉजर्स विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये मतदानापर्यंतही पोहोचले नाही. स्थानकावर हात हलवणाऱ्या मुलांची चित्रे पुस्तकांत येतात. समितीत मेलेल्या विधेयकाचे चित्र कोण काढणार?

१८/
जोहाना रीस यांचे 'द अपस्टेअर्स रूम' (१९७२) हे लपण्याचे पुस्तक. नेदरलँड्सच्या पूर्वेस, उसेलो येथील एका शेतकऱ्याच्या घरात ॲनी आणि तिची बहीण सिनी दोन वर्षांहून अधिक काळ एका खोलीत राहतात. साहस जवळजवळ नाही. कंटाळा आहे, बहिणींची भांडणे आहेत, चालायला न मिळाल्याने दुबळे झालेले पाय आहेत. आश्रय देणारे ओस्टरवेल्ड कुटुंब देवमाणसांचे नाही; ती शिव्या देणारी, घाबरणारी, चिडणारी माणसे आहेत. त्यांनी दार उघडले आणि उघडे ठेवले, एवढेच. एवढे फार थोड्यांनी केले.

१९/
उरी ओर्लेव्ह १९३१ मध्ये वॉर्सात जन्मले. घेटो, आईची हत्या, लपणे, मग बर्गन-बेल्सन. सर्व तेरा-चौदा वर्षांचे होईपर्यंत. १९९६ मध्ये त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. 'द आयलंड ऑन बर्ड स्ट्रीट' मधला अकरा वर्षांचा ॲलेक्स रिकाम्या केलेल्या घेटोतील एका पडक्या इमारतीत, एका पांढऱ्या उंदरासोबत, रॉबिन्सन क्रूसोसारखा राहून वडिलांची वाट पाहतो. त्याच्यापाशी पिस्तूल आहे, आणि ते चालवावे लागते. मूल निष्पाप राहून वाचते, हा सोयीचा समज ओर्लेव्ह इथे मोडतात.

२०/
त्यांचेच 'रन, बॉय, रन' (२००१) योराम फ्रीडमन यांच्या खऱ्या आयुष्यावर आहे. घेटोतून निसटलेले लहान मूल पोलिश नाव धारण करते, रानात आणि शेतांवर दिवस काढते. यंत्रात हात सापडतो. इस्पितळातला शल्यचिकित्सक ज्यू मुलावर शस्त्रक्रिया करण्यास नकार देतो. उशीर होतो आणि हात कापावा लागतो. त्याच पुस्तकात त्याला जिवावर उदार होऊन आसरा देणाऱ्या पोलिश स्त्रियाही आहेत. दोन्ही खरे. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच मुलाच्या बाबतीत खरे. मुलांना हे कळत नाही असे समजणे हा मुलांचा अपमान आहे.

२१/
ॲन फ्रँकचे काय? तिची दैनंदिनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे लिहिलेले नाटक १९५५ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि माणसाच्या मूळच्या चांगुलपणाविषयीचे तिचे वाक्य त्याच्या अखेरीस ठेवण्यात आले. तेव्हापासून ते भिंतींवर, फलकांवर, शुभेच्छापत्रांवर झळकते. ते वाक्य १५ जुलै १९४४ चे आहे. ४ ऑगस्टला ती पकडली गेली. वेस्टरबोर्क, ऑश्वित्झ, बर्गन-बेल्सन. १९४५ च्या आरंभी टायफसने मृत्यू, मुक्तीच्या काही आठवडे आधी. लपलेल्या आठांपैकी केवळ वडील परतले. पुढचे तीन थांबे गाळून ते एक वाक्य मिरवणे म्हणजे मेलेल्या मुलीकडून क्षमापत्र लिहून घेणे होय.

२२/
सुटकेबरोबर गोष्ट संपते, हाही एक सोयीचा संकेत. ४ जुलै १९४६ रोजी पोलंडमधील किएल्त्से येथे, एका लहान मुलाच्या अपहरणाच्या खोट्या कहाणीवरून, ४२ ज्यूंची हत्या झाली. फ्रान्समध्ये रोबेर आणि जेराल्ड फिनाली या अनाथ भावांना सांभाळणाऱ्या स्त्रीने त्यांचा बाप्तिस्मा करून नातलगांकडे सोपवण्यास नकार दिला. १९५३ मध्ये कोठे ती मुले नातलगांना मिळाली. वाचलेल्या मुलाला घर, नाव, भाषा, धर्म यांतले काहीही आपोआप परत मिळाले नाही.

२३/
हा सारा वाद युरोपचा, मराठी वाचकाचा त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले; जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेबांनी पोलिश मुलांना आश्रय दिला. समाजमाध्यमांवर ही मुले अनेकदा 'हिटलरपासून वाचवलेली ज्यू मुले' बनतात. ती बहुसंख्येने कॅथलिक होती आणि स्तालिनच्या हद्दपारीतून सुटून आली होती. ज्यू मुलांची मोठी तुकडी, 'तेहरानची मुले', १९४३ च्या आरंभी कराचीमार्गे पॅलेस्टाइनला गेली. वाचवणाऱ्याची गोष्ट हवीशी वाटली की वाचलेला कोण होता हे विसरायला होते. पट्ट्यांच्या पायजम्याची भूल इथेही तीच.

२४/
शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे : इतके भीषण सत्य मुलांना सोसवेल का? वॉर्सा घेटोतील अनाथालयात यानुश कोर्चाक यांनी १८ जुलै १९४२ रोजी मुलांकडून रवींद्रनाथांचे 'डाकघर' करवून घेतले. मरणाची वाट पाहणाऱ्या आजारी अमलचे ते नाटक. चारच दिवसांनी मोठी हद्दपारी सुरू झाली. ऑगस्टच्या आरंभी कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुले ट्रेब्लिंकाला नेली गेली. सुटका शक्य असताना कोर्चाक मुलांसोबत गेले. मुलांशी मरणाविषयी बोलता येते, हे त्यांनी जाणले होते. मात्र बोलणाऱ्याने त्यांची साथ सोडू नये.

२५/
तेव्हा पुस्तक मुलाच्या हाती देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. या गोष्टीत ज्यू मुलाला स्वतःचे नाव, घर, राग आणि मत आहे काय? त्याला कोणी आणि कोणत्या कायद्याने हाकलले हे कळते काय? ते वाचले असेल, तर का वाचले हे लेखक सांगतो काय? आणि जी वाचली नाहीत त्यांची रिकामी जागा पुस्तकात कुठे दिसते काय? रिख्टर, केर, रीस, ओर्लेव्ह या परीक्षेत उतरतात. ही सर्व पुस्तके दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठीच लिहिलेली आहेत.

२६/२६
ज्या ग्रंथालयात पट्ट्यांचा पायजमा आहे, त्याने तो जाळू नये. पुस्तके जाळणारे कोण होते हे आल्फ्रेड केर यांच्या वाचकांना ठाऊक आहे. फक्त त्याच्या शेजारी 'फ्रीडरिख' ठेवावे आणि मुलाला आधी ते द्यावे. मग ब्रूनो कुंपणाशी येऊन 'तुम्ही सगळे इथे का?' असे विचारील, तेव्हा उत्तर त्या मुलापाशी तयार असेल.